गाणं संपेपर्यंत

लोक गाणं कसं ऐकतात, हे बघणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. मी साउंड इंजिनिअर. रॉक बँडच्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या मधोमध मिक्सर मांडून बसायचं आणि ड्रम किती, गिटार किती, गळा किती हे ठरवायचं, एवढंच काम. वादकांना लोकांचे चेहरे दिसतात, तेही डोळ्यांवर दिवे असताना अर्धेमुर्धेच. मला लोकांच्या पाठी दिसतात. पाठीवरून माणूस कळतो असा माझा समज होता आणि त्याची मला घमेंडही होती. ती वडील जाईपर्यंत टिकली. ते माझ्यासमोर, वीस पावलांवर, खुर्चीत बसल्या बसल्या गेले, आणि मला ते गाण्यात रंगलेत असं वाटत होतं. त्यात माझा हात किती, हे मला नेमकं माहीत होतं. आईला ते सांगायचं की नाही, यात मी चार महिने घालवले.

त्याआधी दहा-अकरा वर्षं मी बाहेरच्या बँडबरोबर फिरलो होतो. टोकियोत पहिल्या कार्यक्रमाला मला वाटलं, आपली यंत्रणाच बंद पडली. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि नळ बंद करावा तशा एकदम थांबल्या. दोनेक हजार माणसं पुढच्या गाण्याची वाट बघत गप्प उभी. ड्रमवाल्यानं पाण्याची बाटली उघडली, त्याचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. आमच्या गायकाचा चेहरा पडला, त्याला वाटलं आपण आपटलो. तसं काही नव्हतं, ते ऐकत होते. साओ पावलोत सगळं याच्या उलट. तिथले लोक शब्द म्हणतातच, वर गिटारची धूनही तोंडानं म्हणतात, आणि अशा उड्या मारतात की माझं टेबल हलायचं. जर्मनीत हाताची घडी, तोंडावर परीक्षकाचा भाव, आणि दोघे-तिघे माझ्या मागं उभे राहून माझी बटणं तपासत असणारच. ग्लासगोत बियरचे अर्धे पेले डोक्यावरून उडायला लागले की समजायचं, लोक खूश आहेत.

सगळ्यांत भीतीदायक दिसतात ते मेटलचे कार्यक्रम. पोरं गोल करून एकमेकांवर आदळत असतात, नवख्याला ती दंगलच वाटेल. पण तिथं कुणी खाली पडलं की क्षणात त्याच्याभोवती जागा होते, आणि ना ओळख ना पाळख, दहा हात त्याला उचलून उभं करतात. मी कितीतरी देशांत हे बघितलंय आणि दरवेळी मला त्याचं कौतुक वाटलंय. आता वाटतं, तो पडतो म्हणून लोकांना दिसतो. खुर्चीत बसलेला माणूस पडत नाही. ही गोष्ट मला आधी कधी सुचली नाही, आणि सुचायचं काही कारणही नव्हतं.

मग मी हैदराबादला परत आलो. हिमायतनगरला आई-बाबांबरोबर राहायला लागलो आणि इथलेच कार्यक्रम घेऊ लागलो. इथल्या प्रेक्षकांवर मी मनापासून चिडतो आणि तितकंच मनापासून माझं त्यांच्यावाचून चालत नाही. रॉकचा कार्यक्रम आणि पुढच्या तीन रांगांत पांढऱ्या खोळीचे सोफे. त्यावर कुणाकुणाचे मेहुणे, सासवा, झोपलेली बाळं. आपण गाणं ऐकतोय याचा पुरावा म्हणून प्रत्येकाचा फोन वर. मागून कुणीतरी तेलुगू सिनेमातल्या गाण्याची फर्माईश करणार, आणि ती पुरी होत नाही म्हणून गायकावर रुसणार. सगळ्यांत वाईट म्हणजे दोन गाण्यांमधली रिकामी जागा, जिला आम्ही गॅप म्हणतो. टोकियोत गॅपमध्ये लोक श्वास रोखतात, आमच्याकडं मिरची भजी आणायला जातात. अर्धं मैदान उठतं आणि पुढचं गाणं निम्मं होईपर्यंत परत येत नाही. गायक बिचारा रिकाम्या खुर्च्यांना प्रेमाची कहाणी सांगत बसतो.

बाबा यातल्या कशातच नव्हते. जामबागेतल्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं भूमिती शिकवली, आणि शाळेबाहेर त्यांचा एकच नाद, शास्त्रीय गाणं. शहरात कुठंही मैफल असो, ते अर्धा तास आधी जाऊन बसत. मैफलीत कसं वागायचं याचे त्यांचे नियम होते आणि ते त्यांच्या प्रमेयांइतकेच पक्के होते. त्यातला पहिला नियम, गाणं चालू असताना उठायचं नाही. गाणारा जीव ओतत असतो, आपण त्याला पाठ दाखवणं म्हणजे बदतमीजी. उठायचंच असेल तर एक चीज संपून दुसरी सुरू व्हायच्या आत उठायचं, आणि तेही वाकून. मी आठ वर्षांचा असताना मला एकदा मैफलीत लघवीला लागली. विलंबित ख्याल चालू होता. बाबांनी माझं मनगट धरलं आणि कानात म्हणाले, "सम येऊ दे, मग द्रुत, मग जाऊ." त्या बुवांना कसली घाई नव्हती. माझी चड्डी ओली झाली, आणि घरी परतताना आबिड्सच्या बाजारापर्यंत मी बाबांशी एक शब्द बोललो नाही. तिथं त्यांनी मला आइस्क्रीम घेऊन दिलं, माफी मात्र मागितली नाही. आपण बरोबर वागलो याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती.

माझ्या धंद्याला ते गोंगाट म्हणत. वीस वर्षांत माझ्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. मला त्याचं वाईट वाटायचं आणि ते मी कधी कबूल केलं नाही. गेल्या डिसेंबरात गच्चीबावलीकडच्या एका लॉनवर बंगळूरचा एक बँड होता, सहा वाजताचा, घरातल्या सगळ्यांनी यावं असा कार्यक्रम. आईनं काय जादू केली कोण जाणे, पण बाबा तयार झाले. इस्त्रीची पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वर स्वेटर. निघताना त्यांनी खिशातून कापसाचे दोन बोळे काढून मला दाखवले. "कानात घातले तर चालेल ना? बदतमीजी तर नाही व्हायची?" मी म्हटलं, "घाला, मीपण घालतो." खरं तर मला तेव्हा भरून आलं होतं.

आई-बाबांच्या खुर्च्या मी मुद्दाम माझ्या मिक्सरच्या सरळ पुढं मांडून घेतल्या. आवाज तिथं सगळ्यांत साफ येतो, आणि मला ते दिसणार होते.

दुपारी ध्वनिचाचणी झाली तेव्हा बँडच्या मुख्य गिटारवाल्याला मी बाजूला घेतलं. आपल्या अनुभवाचा टेंभा मिरवायची मला सवयच आहे. त्याला म्हटलं, "इथं गॅप देऊ नका. गॅप दिलात की पब्लिक भज्यांकडं गेली समजा. मधली सहा गाणी सलग घ्या, जोडून. एक गाणं संपत आलं की कीबोर्डचा एक सूर दाबून धरा, तो मी वर ठेवतो. त्याच्यावरच पुढचं सुरू करा." त्याला कल्पना फार आवडली. टाळी द्यायला त्यानं हात पुढं केला.

संध्याकाळी तसंच झालं. सहा गाणी, चाळीस मिनिटं, मधे टाळीपुरतीही फट नाही. गाणं ओसरलं की तो सूर मी वर घ्यायचो, लोक थांबायचे, आणि पुढचं सुरू व्हायचं. अर्धं मैदान उठतं ते त्या दिवशी उठलं नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. मधून मधून बाबांकडं बघत होतो. बाकीचे हलत होते, फोन वर करत होते, पोरांना गप्प करत होते. बाबा ताठ बसले होते, हात मांडीवर, मान किंचित पुढं. तिसऱ्या गाण्यात त्यांनी एकदा आईकडं मान वळवली. पुढं तेही नाही. इतकं स्तब्ध ऐकणारा माणूस मी हैदराबादेत बघितला नव्हता, मला टोकियोची आठवण झाली. वीस वर्षांनी हा माणूस आपलं काम ऐकतोय, असं मनात आलं आणि मी गिटार थोडी खाली घेतली, त्यांना शब्द नीट कळावेत म्हणून.

सहावं गाणं संपलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. आईनं मागं वळून माझ्याकडं बघत हात वर केला. मला वाटलं, आवडलं म्हणून सांगतेय. मी अंगठा दाखवला. तिनं हात खाली घेतला नाही. मग मी मिक्सरभोवतीच्या कठड्यावरून उडी मारून पळालो.

मैदानावर रुग्णवाहिका होती. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर तरुण होता, सावकाश बोलत होता. म्हणाला, दुखणं निदान अर्धा तास तरी चालू असणार, तेव्हाच आणलं असतं तर काही करता आलं असतं. त्यानं आईला विचारलं, काही बोलले होते का, छातीत दुखतंय वगैरे. आई म्हणाली, "नाही, काही बोलले नाहीत." त्यांच्या कानातले कापसाचे बोळे नर्सनं एका कागदात बांधून माझ्या हातात दिले.

मला तिथंच सगळं कळलं. बाबांना बरं वाटत नव्हतं, आणि ते गाणं संपायची वाट बघत बसले होते. मुलाचं काम चालू असताना त्याच्या डोळ्यांसमोरून उठून जायचं, हे त्यांना मेलं तरी जमलं नसतं. आणि गाणं मी संपू दिलं नाही. तो सूर माझ्या बोटाखाली होता.

त्यानंतर मी प्रत्येक कार्यक्रमात गॅप द्यायला लावतो, चांगला मिनिटभराचा. एका आयोजकानं मला तोंडावर विचारलं, "भाई, गाने के बीच में इत्ता टाइम कायकू छोडते?" मी म्हटलं, भजी गरम मिळावीत म्हणून. लोक उठून जातात आणि मी त्यांच्याकडं बघत बसतो. त्यानं मला जराही बरं वाटत नाही.

घरी समाचाराला येणारे सगळे एकच वाक्य बोलायचे. गाणं ऐकता ऐकता गेले, असं मरण कुणाला येतं. आईही तेच म्हणायची. दरवाजा उघडला की पहिलं तेच, पाठ केल्यासारखं. "काही तकलीफ नाही झाली हो. गाणं ऐकता ऐकता गेले." मी आतल्या खोलीत दात आवळून बसायचो. तिच्या हातात एवढंच उरलंय, ते कशाला काढून घ्यायचं, असं स्वतःला समजवायचो. त्यात माझी सोयही होती, हे मला कळत होतं.

एप्रिलमध्ये एक लांबचे काका आले. चहा पिऊन जाताना दारात म्हणाले, "बहुत नसीबवान माणूस. मुलाच्या हातचं ऐकत गेला." ते जिना उतरले आणि मला राहवेना. आई स्वयंपाकघरात ताटात अंबाडी घेऊन पानं खुडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. गाणी जोडायची कल्पना माझी होती, बँडची नव्हती. गॅप मी काढायला लावला. बाबा गाणं संपायची वाट बघत असणार, आणि मी चाळीस मिनिटं ते संपू दिलं नाही. डॉक्टर काय म्हणाला, तेही सांगितलं. बोलताना मी रडत होतो, आणि ती आता ओरडेल, नाहीतर मला जवळ घेईल, असं मला वाटत होतं.

ती पानं खुडत राहिली. खुडता खुडताच म्हणाली, "हौ. वाटच बघत होते."

"तुला काय माहीत?"

"मला बोलले ना. तिसरं का चौथं गाणं होतं. म्हणाले, छातीत भरल्यासारखं होतंय, उठू या का." तिनं एक जून देठ बाजूला टाकला. "मी म्हटलं, इतक्या वर्षांनी आलात, पोरगा मागं बसून बघतोय. जरा सबर करा, गाणं संपलं की उठू. मान हलवली त्यांनी. तुला माहीत आहेत ना, त्यांना ते पटलंच."

तिनं पदरानं हात पुसले, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"मग थोड्या वेळानं मीच विचारलं," ती म्हणाली, "आता कसं वाटतंय. बोलले नाहीत काही. मला वाटलं, ऐकतायत."