तळहातावरची साखर

उदगीरला आमचं कापडाचं दुकान आहे. चाळीस वर्षांत माझी लिंगपूजा एक दिवसही चुकली नव्हती, आणि हे मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायचो. भस्म, बेल, अभिषेक, सगळं साग्रसंगीत. पूजेआधी घरात कोणी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा दंडकही माझाच. बायको माझ्याआधी उठून दहा मिनिटांत तिची पूजा उरकायची आणि कामाला लागायची. मी चिडवायचो, "तुझा देव लई घाईत दिसतो." ती म्हणायची, "हाव, त्याला बी माझ्यासारखीच कामं हायत."

गेल्या वर्षी तिच्या पित्ताशयात खडे निघाले, कावीळ झाली, आणि तिला नांदेडच्या एका दवाखान्यात ठेवावं लागलं. साखर फार वाढली होती. ती उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच तिला इन्सुलिन सुरू झालं. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबू देत नसत आणि लेक यायला दोन दिवस होते, म्हणून मी जवळच्या धर्मशाळेत उतरलो. मनात सारखं यायचं, इतकी वर्षं निष्ठेनं पूजलं, आणि महादेवानं हेच पदरात टाकलं का? खरं सांगतो, मी देवावर रुसलो होतो.

त्या संध्याकाळी एमआरआयला नेताना तिला अंगावरचं सगळं उतरवायला सांगितलं. गळ्यातलं चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, आमच्यात ते ज्याचं त्याचं वेगळं असतं, तिनं माझ्या हातात दिलं. "लगेच परत द्या हं," म्हणाली. तपासणी झाली, ती खाटेवर परतली, आणि मी मात्र डबी माझ्याच पिशवीत ठेवली. म्हटलं, उद्या सकाळी दोन्ही लिंगांना गोदावरीच्या पाण्यानं अभिषेक करतो, तुझ्यासाठी संकल्प सोडतो, मग आणून देतो. तिनं रिकाम्या गळ्यावरून हात फिरवला. चेष्टेत उलट बोलायची, पण माझा शब्द ती मोडत नसे, हाही माझाच पराक्रम.

सकाळी नदीवर जाऊन पाणी आणलं आणि पूजेला बसलो. तिच्यासाठी म्हणून जप वाढवला, मग आणखी वाढवला. आठला पोचतो म्हणालो होतो, निघेपर्यंत साडेनऊ झाले.

तिकडे वॉर्डात काय घडलं ते मला नंतर कळलं. नर्सबाईंनी इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं आणि लगेच खाऊन घ्या म्हणून बजावलं. ही हो म्हणाली. समोर उपमा होता. पण लिंग माझ्याकडे, पूजा व्हायची, मग ती घास कसा घेणार? माझी वाट बघत बसली. शेजारच्या खाटेवरच्या मुलीजवळ तिची आई असायची. मुदखेडची, भाजी विकणारी. सगळे तिला मावशी म्हणत. हिला दरदरून घाम फुटलाय, हात कापतायत, हे त्या मावशीनं पाहिलं. तिनं नर्सला हाक मारली आणि चहासाठी पुडीत ठेवलेली आपली साखर काढली. ही मान हलवत राहिली, "माझा देव यायचाय अजून."

मावशी म्हणाली, "तुझाच देव मला सांगून राहिला ना, हिला साखर दे म्हून. मग त्याचं ऐकायचं का न्हाई?"

हिच्या उजव्या हाताला सलाईन होतं, म्हणून मावशीनं साखर डाव्या तळहातावर ठेवली. आम्ही लिंग डाव्या तळहातावरच घेऊन पूजतो. बायकोनं पुढे मला सांगितलं, "त्या साखरेकडं बघितलं अन् वाटलं, झाली माझी पूजा." तिनं ती चाटून खाल्ली. तोवर नर्सबाई धावत आल्या, शिरेतून ग्लुकोज गेलं. थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर मला म्हणाले.

मी पोचलो तेव्हा मावशी पदरानं हिचं कपाळ पुसत होती. उलटीनं भरलेली चादरही तिनंच बदलली होती. बायकोनं डोळे उघडले आणि विचारलं, "तुमची पूजा नीट झाली ना?" त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी डबी तिच्या गळ्यात घातली आणि जिन्यात जाऊन लहान मुलासारखा रडलो.

आम्ही कापडवाले, उपकार फेडायचे म्हटलं की साडीच सुचते. मी म्हणालो, "मावशी, उदगीरहून तुम्हाला चांगलं लुगडं पाठवतो." ती हसली. "माझं लुगडं धड हाय, मालक. त्या कोपऱ्यातल्या म्हातारीचं कोणी येत न्हाई. मी पोरीचं करू का तिचं? सकाळी सहाला तिला भूक लागती. तेवढं भरवा."

सहा ही माझ्या पूजेची वेळ. मनाशी बराच भांडलो. पण दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, इष्टलिंगाला नुसते हात जोडून, सहाला वॉर्डात हजर झालो. दुधात बिस्किटं कुस्करून म्हातारीला चमच्यानं भरवली. मला कुठलं जमायला! निम्मं दूध हनुवटीवरून ओघळलं, ते माझ्याच उपरण्यानं पुसलं. ती सावकाश, डोळे मिटून खात होती. जपाला बसल्यावर मन जसं शांत व्हावं असं मला वर्षानुवर्षं वाटायचं, तसं ते त्या खाटेपाशी झालं.

ऑपरेशन नीट पार पडलं. बायको घरी आली. मी महादेवाकडे तिचं आयुष्य मागत बसलो होतो, आणि त्यानं माझी पूजा संपायची वाट न बघता कधीच मावशीला उठवलं होतं. त्या माउलीची आठवण आली की आजही हात आपोआप जोडले जातात.

आता सकाळी बायकोला इंजेक्शन मी देतो, उपमाही मीच करतो. कधी मीठ जास्त पडतं, ती तोंड वाकडं करून खाते. तिचं खाऊन होईपर्यंत मी शेजारी बसतो. महादेवाला म्हणतो, थांब जरा.

तो थांबतो.