कांदाचाळीतलं उद्घाटन

शिर्डीला आमचा एक गट आहे. नव्या उद्योजकांना भांडवल आणि मार्गदर्शन देणं हे त्याचं काम. भांडवल बेताचं असतं, त्यामुळे मार्गदर्शन भरपूर द्यावं लागतं. बैठका आमच्या अध्यक्षांच्या हॉटेलात, लग्नाच्या हॉलमध्ये होतात. आदल्या लग्नातला थर्माकोलचा मोर तसाच उभा असतो आणि त्याच्यापुढे पोरं-पोरी लॅपटॉप उघडून भविष्य सांगतात.

अध्यक्षांना सगळे शेठ म्हणतात. दुसरे वजनदार सदस्य म्हणजे एका साखर कारखान्याचे माजी संचालक. मी नगरच्या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेला इंजिनीअर. यंत्राला हात लावलेला एखादा माणूस गटात असावा असं त्यांना वाटलं, म्हणून मला घेतलं. त्याचं ऐकावं असं काही ठरलं नव्हतं.

आमच्याकडे आधी सत्कार होतो, मग चौकशी. कुणी कल्पना सांगितली की लगेच फेटा, शाल, फोटो. गिऱ्हाईक मिळायच्या आतच माणूस यशस्वी होऊन बसतो. काही मुलांकडे मालापेक्षा शाली जास्त जमल्या.

ती मुलगी राहुरीची. कृषी विद्यापीठात शिकलेली, वडील शाळामास्तर, घर ख्रिस्ती. तिने कांद्याच्या चाळीसाठी यंत्र केलं होतं. साठवलेला कांदा आतून सडायला लागला की त्याचा वास सुटतो, पण तो माणसाच्या नाकाला कळेपर्यंत ढीगभर माल गेलेला असतो. तिचं यंत्र तो वास फार आधी ओळखायचं आणि भोंगा वाजवायचं. मी ते माझ्या घरी पंधरवडाभर तपासलं होतं. उत्तम चालत होतं. अडचण एकच होती. यंत्राचे वास टिपणारे दांडे कांदा रचतानाच ढिगात उभे करावे लागत. चाळ भरली की आत काही घालता येत नाही. म्हणजे उन्हाळी कांदा चाळीत चढायच्या आत दांडे बसले तर बसले, नाहीतर वर्ष गेलं. आणि आणखी एक वर्ष थांबण्याइतकी ऐपत तिच्या कंपनीची नव्हती. तिने हे आम्हाला पहिल्याच बैठकीत सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुणतांब्याचे काही शेतकरी तिने स्वतः फिरून राजी केले. कांदा काढून, पातीखाली झाकून, त्यांनी तो शेतातच वाळत ठेवला आणि चाळी रिकाम्या ठेवल्या. ताई दांडे घेऊन येणार म्हणून थांबले. दांडे गटाच्या पैशातून झाले होते. तेव्हा शेठनी ठरवलं की उद्घाटनाआधी एकही दांडा कुठे बसणार नाही. उद्घाटन साहेबांच्या हस्ते. साहेब म्हणजे आमच्याकडचे मोठे पुढारी.

तिने विचारलं, आधी बसवून मग उद्घाटन केलं तर? शेठ समजुतीच्या सुरात म्हणाले, "पोरी, बसवलेल्याचं उद्घाटन करायला साहेबांना वेडं समजतेस का?"

साहेबांची तारीख एका लग्नामुळे हुकली, मग बैठकीमुळे. तिसऱ्यांदा एका दशक्रिया विधीमुळे. आमच्या भागात पुढाऱ्याने लग्न चुकवलं तर चालतं, दहावं चुकवून चालत नाही. श्रद्धांजलीच्या भाषणांसाठी माईक लागलेला असतो आणि समोर सगळा तालुका बसलेला असतो. इकडे आभाळ भरून यायला लागलं. शेतकरी तिला फोन करत होते, ती शेठना, आणि शेठ साहेबांच्या स्वीय सहायकाला. तो फोन उचलत नव्हता.

अखेर मुहूर्त लागला. संचालकांची चाळ या कामासाठी अर्धी भरून ठेवली होती, आत दांडे उभे केले होते. बाहेर मांडव. थांबून राहिलेल्या शेतकऱ्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. यंत्र डोळ्यांनी पाहायचं आणि संध्याकाळपासून चाळी भरायला घ्यायच्या, असं त्यांचं ठरलं होतं. चाळीच्या तोंडाशी, दांड्यांना लागूनच टांगलेल्या यंत्राला हार घातला. तिला नारळ फोडायला सांगितलं, तिने फोडला. शेठनी शिर्डीहून खास धूप आणला होता. पितळी धुपाटणं निखाऱ्यांसकट त्यांनी स्वतः नेऊन यंत्राच्या बरोबर खाली ठेवलं. यंत्राला नीट मिळावा म्हणून.

ती पुढे गेली, वाकून शेठच्या कानाशी काहीतरी बोलली. शेठनी हात जोडलेले ठेवूनच मान हलवली, म्हणजे पूजा झाल्यावर बघू. तेवढ्यात साहेबांनी बटण दाबलं.

भोंगा असा सुटला की मांडवातली लहान मुलं रडायला लागली. तो थांबेना. साहेबांचं बोट अजून बटणावरच होतं, त्यामुळे ते काहीतरी नासवल्यासारखे दिसत होते. मग तिने ते केलं जे आमच्याकडे कुणी करत नाही. माईक नसताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "धूप बाहेर न्या. धुरामुळे वाजतंय. पाच मिनिटांत थांबेल."

संचालक म्हणाले, "म्हणजे देवाचा धूप नासका?"

साहेबांनी बोट काढून घेतलं, हसले. "ताई, यंत्राला आधी देवधर्म शिकवा. तुम्हाला नंतर."

मांडव हसला. विनोद जमला होता, मीही हसलो. कुणीतरी वायर ओढली आणि जेवणं सुरू झाली. पुढच्या रांगेतले शेतकरी पानावरून उठले ते थेट शेताकडे गेले.

परतताना गाडीत मी शेठना सांगितलं, कारण धूरच होतं.

"ते मलाबी कळलं," शेठ म्हणाले. "मी काय येडा हाय? पन धूप मी आणलेला. आन धूप बाहेर न्या म्हनली ती कोण, ह्ये बघा की."

दोन दिवसांनी बैठक झाली. मोर गेला होता, त्या जागी हत्ती होते. संचालकांनी सूचना केली की धुपाला ओरडणार नाही असं यंत्र करावं. ती म्हणाली, तसं केलं तर ते सडक्या कांद्यालाही ओरडणार नाही. "मग जरा कमी ओरडंल असं करा," संचालक म्हणाले. कागदावर तशी दुरुस्तीची शिफारस झाली.

तिने आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. आपल्यापैकी कुणीतरी पुणतांब्याला यावं आणि धुरामुळे वाजलं एवढं एक वाक्य बोलावं. तिचं शेतकरी ऐकणार नव्हते, शेठचं ऐकलं असतं. शेठ म्हणाले, येऊ, पण आधी साहेबांकडे जाऊन गैरसमज दूर करू. साहेबांची वेळ मागितली.

मी माझ्या गाडीतून तिला घेऊन गेलो. मला तिथे कुणी ओळखत नव्हतं, म्हणून मी ते वाक्य दोनदा बोललो. ज्याच्या ओट्यावर बसलो होतो तो शेतकरी तिच्यापेक्षा थोडाच मोठा असेल. त्याने चहा दिला, यंत्राबद्दल नीट प्रश्न विचारले, सगळं पटलं असं म्हणाला. मग त्याने चाळीकडे बोट केलं. कांदा पत्र्यापर्यंत चढला होता.

"ताई, तुमच्यासाठी लई थांबलो. आता दांडा कुठं घालू?" आणि उठताना, अगदी मायेने: "आन खरं सांगू? साहेबांपुढं वरडलेलं यंत्र दारात ठिवलं तर भावकी हसंल. पुढच्या साली सत्तेतल्या कुणाला तरी आधी बसवू द्या, मग आमी बसवू."

पुढच्या वस्त्यांवर तिने गाडी थांबवू दिली नाही. चाळी रस्त्यावरूनच दिसत होत्या. कंपनी तिने पावसाळ्यात बंद केली, आता पुण्यात नोकरी करते.

आमच्या हॉलच्या दाराशी गटाने घडवलेल्या उद्योजकांचे फोटो लावलेत, त्यात तिचाही आहे. तो काढायला सांगा, असं तिने मला फोनवर सांगितलं. मी शेठना सांगितलं. त्यांना खरंच कळेना.

"कशाला काढायचा? पुण्याला नोकरी लागली न्हवं तिला? आपल्याकडं आली नसती तर लागली असती का?"

फोटो अजून तिथेच आहे.