हात टेकायची पेटी

चकचकीत क्रोम दिसलं की मला अजून शिसारी येते. लोक गाडीच्या पुढच्या जाळीत तोंड बघून भांग सारखा करतात, मी तोंड फिरवून पलीकडच्या फुटपाथवर जातो. याला कारण एक गाडी आहे. ती आमच्याच दारात होती, आणि ती दारात यायला माझाही हातभार लागला होता.

गोवा सुटल्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. तिकडचे भाटकार, म्हणजे मोठे जमीनदार, घरं बंद करून पोर्तुगालला निघाले होते आणि जाताना गाड्या विकत होते. आमच्या बाजूला विलायती गाडी बघायला मिळायची ती कुणा मंत्र्याच्या दौऱ्यात. तिकडे म्हापशात त्या फणसाखाली उभ्या होत्या. मालवणापासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्याच्या गाठीला थोडंफार होतं, तो प्रत्येक जण बांद्याच्या, म्हणजे गोव्याच्या, रस्त्याला लागला. त्यात माझा थोरला भाऊ होता. बोटीवरची नोकरी संपवून तो कायमचा घरी आला होता, आणि घरी आल्यापासून आपण परत आलोय हे गावाच्या पुरेसं लक्षात येत नाही, असं त्याला वाटत होतं.

गाडी घ्यायला निमित्त मात्र खरं होतं. वहिनीच्या मणक्यात क्षय निघाला होता. मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला कोल्हापूरच्या मोठ्या इस्पितळात न्या, पण न्यायचं ते आडवं. बसवायचं नाही. बसली तर पाय जातील. आडवी राहिली आणि उपचार झाले, तर सहा-आठ महिन्यांनी स्वतःच्या पायांनी विहिरीवर जाईल. इतकं स्वच्छ सांगितलं होतं, आणि सांगताना आम्ही दोघेही भाऊ समोर उभे होतो. सावंतवाडीहून भाड्याची मोठी गाडी मागवता आली असती. पण बोटीवरून आलेल्या माणसाची बायको भाड्याच्या गाडीतून इस्पितळात जाणार? दादाला ते कसंसंच वाटलं.

मी मुंबईला आठ वर्षं एका शेटची गाडी चालवून परत आलो होतो. तेव्हा गाडी पारखायला मी, चालवायलाही मीच. निघायच्या सकाळी वहिनीनं मला माजघरात बोलावलं. ती बाजल्यावर उताणी पडली होती, वरच्या वाशांकडे बघत.

"भावजी, तुमी नीट बघा," ती म्हणाली. "माका तेच्यात आडवा पडाक गावात मां?"

मी म्हटलं, गावात, मिळेल. शब्द दिला असंच म्हणायला हवं.

म्हापशाला एका भाटकाराच्या घरी दोन गाड्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या, दोन्ही काळ्या, दोन्ही लांबलचक. एक साधी आणि एक डिलक्स. इंजिन तेच, गिअर तेच, चाकं तीच. साधीचे बंपर रंगवलेले, आत मागे-पुढे सरळ एकसंध लांब सीटं, वर जाडंभरडं कापड. भाटकाराचा डॉक्टर भाऊ ती गावोगाव फिरवायचा, त्यामुळे पायरीपाशी तिचा रंग उडाला होता. डिलक्सला मात्र जिथे म्हणून क्रोम बसेल तिथे बसवलेलं. चाकांवर आरशासारखी झाकणं, टायरला पांढरे पट्टे, लाकडी फळीत बसवलेलं घड्याळ आणि रेडिओ. घड्याळ बंद होतं. आत गरम हवा सोडायचं यंत्रही होतं. मालवणात गरम हवा! मी हसलो, तर दादा रागावला.

आणि मागे होती ती पेटी. डिलक्सची मागची सीट एक नव्हतीच. दोन बाजूंना दोन खोलगट चामडी खुर्च्या, आणि मधोमध कायमची बसवलेली, हात टेकायची एक चामडी पेटी. तिच्या झाकणाखाली सिगारेटची राख टाकायची वाटी होती. दोन साहेब शेजारी बसले तर एकमेकांचं कोपर लागू नये म्हणून केलेली सोय.

मी साधीचं मागचं दार उघडलं आणि बूट काढून सीटवर उताणा झोपलो. मी वहिनीपेक्षा हातभर उंच. गुडघे जरासे दुमडावे लागले, एवढंच. ती सरळ मावली असती. मी पडल्या पडल्या दादाला तसं सांगितलं. त्या घरच्या गड्यानं आणि दोन मोलकरणींनी ते पाहिलं आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या. दादा लाल झाला.

"उठ रे," तो दातओठ खात म्हणाला. "गाडी बसाक आसता, निजाक न्हय. लोक बघतत."

मी उठलो. आज लिहिताना याचाच मला सगळ्यांत जास्त वीट येतो, की मी उठलो.

घरच्या गड्यानं डिलक्सची तारीफ केली की ती फक्त फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, आणि लग्नाला बाहेर काढायचे. दादाला ते ऐकून भरून आलं. मी त्याला सांगितलं की उभी राहिलेली गाडी आतून सडते, रबरं चिरतात. पण तो त्या जाळीत आपलं तोंड बघण्यात गुंतला होता. इसार द्यायच्या आधी मात्र त्याला भीती वाटली. माणसांना विचारून त्याचं भागलं नव्हतं, आता देवाला विचारायचं ठरलं. आमच्याकडे बैल घ्यायचा असो, होडी घ्यायची असो की मुलगी द्यायची असो, देवाचा कौल घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. गुरव पाषाणाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पद्धत वाईट नाही. माणूस निदान थांबून एकदा विचार करतो. पण विचारायचं काय, हे ज्याचं त्यानं सांगायचं असतं, आणि तिथेच सगळी मेख असते.

देवळात मानकरी जमले, शेजारीपाजारी जमले. दादानं गुरवाला बाजूला नेऊन काय ते सांगितलं. गुरवानं सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरू तुझ्या पायाकडे इला हा. मानाची गाडी तेच्या दारात येवक व्हयी असात, तर उजवो कौल दी म्हाराजा." आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "व्हय म्हाराजा." मानाची गाडी म्हणजे डिलक्स. साधीचं नाव नाही. कोल्हापूरचं नाव नाही. वहिनीचं तर नाहीच.

डावी पाकळी पडली. इतक्या झटकन पडली की मागे कुणीतरी खाकरलं.

दादा म्हणाला, गाऱ्हाणं नीट घातलं गेलं नाही. पुन्हा घातलं. पुन्हा डावी. खरं तर तिथेच उठायला हवं होतं. पण आमच्याकडे देवाचं आणि सावकाराचं सारखंच, नाही म्हटलं तरी लोक दारातून हलत नाहीत. दादानं एक समई कबूल केली. गुरवानं नव्या पाकळ्या लावल्या, आणि मी जवळ होतो म्हणून मला दिसलं की उजवीला या वेळी पाणी जास्त होतं, म्हणजे तीच आधी घसरणार. "म्हाराजा, आड काय आसात, चुकला-माकला आसात, ता पोटात घाल आणि लेकराच्या मनात आसा तसो कौल दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. गावात वाईट दिसू नये म्हणून.

पाकळी उजवीकडे पडली. डिलक्स आली. साधी दोडामार्गच्या कुणीतरी नेली.

जायच्या आदल्या दिवशी मी पाना घेऊन मागच्या सीटखाली घुसलो. पेटीला खालून सहा बोल्ट होते. ती काढली आणि दोन खुर्च्यांच्या मधे गोधड्या भरल्या, तर काहीतरी जमलं असतं. दादा दारात येऊन उभा राहिला. चामडं फाटेल, म्हणाला. उशा घालू, ती पेटीला टेकून बसेल, चार-पाच तासांचा तर प्रश्न, आणि देवानं कौल दिलाय. देवाचं नाव काढल्यावर मी पाना खाली ठेवला. आजही मला वाटतं की त्या दिवशी मी पाना त्याच्या हातावर मारायला हवा होता.

वहिनीला आम्ही दोघांनी उचलून आणलं. तिनं सीट पाहिली, पेटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. आम्ही तिला चार उशांत तिरकी बसवली. गल्लीतली माणसं गाडी बघायला जमली होती. बाईची चौकशी दोघांनी केली असेल, रेडिओची सगळ्यांनी. दादानं निघता निघता तो लावूनही दाखवला.

कसालपर्यंत ती प्रत्येक खड्ड्याला कण्हत होती. कणकवलीच्या पुढे कण्हणं थांबलं, आणि मला मूर्खाला बरं वाटलं. फोंड्याला, घाटाच्या खाली, पाणी पाजायला थांबलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "भावजी, माझे पाय खंय आसत?"

मी रस्त्यात आडवा उभा राहिलो आणि वर जाणारा एक ट्रक थांबवला. सुंभाची बंडलं भरून कोल्हापूरला चालला होता. त्याच्या ड्रायव्हरला मी सांगितलं की बाई आजारी आहे, तिला आडवी न्यायला हवी. त्यानं एक प्रश्न विचारला नाही. बंडलं सरकवून मधे माणूसभर जागा केली, आपलं घोंगडं पसरलं, आणि तिला वर घ्यायला स्वतः हात दिला. त्याच्या अंगाला घामाचा आणि डिझेलचा वास येत होता. त्या दिवसात मला भेटलेला तो एकटाच सभ्य माणूस.

मी दादाला म्हटलं, चल वर. तो जागचा हलला नाही.

"गाडी खंय सोडू?" तो म्हणाला. "चाकाची झाकणां काढून नेतले."

आणि तो राहिला. बायको सुंभावर पडून घाट चढत होती, आणि तो खाली डिलक्सच्या मागच्या खुर्चीत, पेटीवर हात टेकून, चाकाच्या झाकणांची राखण करत बसला होता. पहिल्या वळणावरून मला तो दिसला. ट्रकच्या फळीवरून वाकून मी खाली ओकलो, आणि वहिनी मलाच विचारत राहिली की गाडी लागते का.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं, "हिला बसवून कुणी आणलं?"

मी म्हटलं, "मी."

पाय गेले ते गेलेच. चार महिन्यांनी आम्ही तिला त्याच रस्त्यानं परत आणली, मालाच्या ट्रकमधूनच. त्यानंतर ती ओटीलगतच्या खोलीत, खिडकीखाली पडून असायची. खिडकीतून डिलक्स दिसायची; दादानं ती फोंड्याहून ट्रकला बांधून ओढत आणवली होती. मालवणची खारी हवा क्रोमला मानवत नाही. दोन पावसाळ्यांत जाळीला तांबेरा चढला, बंपरची सालपटं निघाली. मी ती गाडी पुन्हा चालवली नाही, आणि दुसरं कुणी चालवणारं नव्हतं. मग काच फुटली आणि आमच्या कोंबड्या आत शिरू लागल्या. त्या पेटीवर चढून बसत. त्या राखेच्या वाटीत मी एकदा अंडं पाहिलं. दादा तरी आल्यागेल्याला सांगायचा, डिलक्स आहे, साधी नव्हे. साधी मला एकदा सावंतवाडीला दिसली. केळीचे घड टपावर बांधलेले आणि मागच्या सीटवर कुणी म्हातारा पाय पसरून घोरत होता.

या सगळ्यात वहिनीनं देव सोडला. घरी प्रसाद आला की तोंड मिटून घ्यायची. जत्रेचा नारळ तिनं दोनदा भिंतीवर भिरकावला. घरातले म्हणायचे, दुखण्यानं माणूस उद्धट होतो. माझ्याशी मात्र ती पाच वर्षं चांगलीच वागली. मी पेज नेली की थट्टा करायची, मला बायको बघायच्या गोष्टी करायची. तिच्या मनात मी होतो तो ट्रक थांबवणारा.

एका दुपारी तिनं विचारलं, "भावजी, त्या दिवसा देवळात तुमी होतास मां? देवान खरोच उजवो कौल दिल्यान?"

होय म्हणून सुटता आलं असतं. पण खोटं बोलून बोलून माझ्या तोंडाला घाण चव आली होती. मी सगळं सांगितलं. दोनदा डावा पडला होता. तिसऱ्या वेळी उजवी पाकळी मुद्दाम जास्त भिजवली होती. तिन्ही खेपेला तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. आणि सगळ्यांबरोबर मीही व्हय म्हाराजा म्हटलं होतं.

तिनं नजर वर वाशांकडे नेली. मग म्हणाली, "पाच वर्सां मी देवाशी बोलूक नाय. आणि तो तर नाय म्हणी होतो."

मी पेजेची वाटी उचलून जायला वळलो.

"उद्या देवाक एक नारळ ठेवा," ती म्हणाली. "आणि गाऱ्हाण्यात माझा नाव घेऊक सांगा."

दुसऱ्या दिवशी मी नारळ ठेवला, गुरवाकडून नाव घेववलं, आणि प्रसाद घेऊन खोलीत गेलो. तिनं हात पुढे केला. खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. माझ्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही.