चेन जोडायला थांबलेला माणूस

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, कारण तेव्हा मी नुसता चिडलेला होतो. धुळ्याहून नरडाण्याकडे जाताना माझ्या गियरच्या सायकलची चेन तुटली. मी जोडायला बसलो, तोच मोटरसायकलवरचा एक माणूस न बोलावता थांबला. पन्नाशीचा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला. "सरका भाऊ," म्हणत त्याने माझ्या हातातलं हत्यार घेतलंच.

"भलती लांब शे, म्हनीसन तुटनी."

पुढच्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून फिरेल एवढी लांबी लागते, हे मी सांगेपर्यंत त्याने चांगल्या कड्या काढून टाकल्या. मग मोठा गियर टाकला, तर चेन ताणून अडकली. वर त्याचा फोन सारखा वाजत होता. "निंघनू, निंघनू," असं सांगून तो ठेवायचा आणि पुन्हा चेन चाचपायचा.

"अहो, बोलावतायत तर जा ना!" मी ओरडलोच.

तो खाली बघत म्हणाला, "पोरले देखाले पाव्हना येल शेतस. तठे नुसतं बसीसन मना जीव घाबरस."

पोरीला बघायला पाहुणे घरी आलेले, आणि तिथे नुसतं बसून राहणं या बापाला जमत नव्हतं. धुळीतल्या कड्या उचलून त्याच्या हातात दिल्या. त्याने त्या सावकाश परत जोडल्या. चेन सगळ्या गियरांवर नीट फिरली.

"आता घरी जा, भाऊ. वाट बघत असतील."

त्याने शर्टावरचं ग्रीस पाहिलं, मोटरसायकलकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मागलं चाक बी देखी लेऊ का?"