बाबा, सावली पडते!

आमच्या घरात बाबांचा धड एकही फोटो नाही, आणि घरातला फोटोग्राफर मी आहे.

(निवडणूक कार्डावर एक आहे, पण त्यात ते बाबा सोडून बाकी कोणासारखेही दिसतात.)

बाबा घाटंजीत सुतारकाम करायचे. डवरे, वखर, तिफणी, सगळी शेतीची अवजारं. कापसाचे हाल सुरू झाले तसे लोक नवा डवरा सोडाच, जुन्याचा दांडाही बदलेनात. शेवटी बाबा म्हणाले, "यंदाचा दसरा झाला का दुकान बंद. हत्यारं इकून टाकतो." अन् मी काय केलं? कॅमेरा आणला! हत्यारं जाण्याआधी त्यांचे फोटो काढायचे, तेही ब्लॅक अँड व्हाइट. का, तर लोखंड रंगीत फोटोत खुलत नाही, असं मी कुठंतरी वाचलं होतं!

दसऱ्याच्या सकाळी वाकस, रंधा, करवत, पटाशी धुऊनपुसून पाटावर मांडलेली, हळदीकुंकू लावलेली. मी वाकस जरा उजेडाकडे सरकवायला गेलो.

"हात नोको लावू बे! पूजा झाल्यावर हत्यार हालवाचं नसते. आज त्यायचा आराम हाये."

"बाबा, उजेड नाही ना भेटून राह्यला!"

"मंग तू हाल!"

मी हाललो. कधी पालथा, कधी पाटाला गाल लावून (पूजा हत्यारांची, लोटांगणं माझी!). उजेड यायचा तो फक्त दारातून, आणि दारात बाबा उभे. नवा सदरा, केसांना तेल, हाताची घडी.

"बाबा, सावली पडते! बाजूले व्हा!"

ते बाजूला व्हायचे आणि जरा वेळानं पुन्हा तिथंच. शेवटी आई कडाडली, "काहून हाकलून राह्यला त्यायले? नवा सदरा कायले घातला असन त्यायनं?"

"रोल संपला, आई. पुढच्या दसऱ्याले काढू."

"राहू दे वो," बाबा हसले. "चालले ते हत्यारं. मी कुठी चाललो?"

यवतमाळहून फोटो धुऊन आणले. आईनं पाहिले आणि किंचाळली, "अवो माय! कुंकू काळं आलं!"

"आई, लाल रंग याच्यात काळाच येते."

ऐकते कोण! तिनं करंडा आणला, बोट ओलं केलं आणि प्रत्येक फोटोतल्या प्रत्येक हत्याराला लालभडक कुंकू लावलं. मग फोटो एकावर एक रचून ठेवले. सकाळपर्यंत सगळ्यांचा एकच पापड झाला! वाचला तो फक्त एक. त्यात सावलीच एवढी होती की आईला कुंकू लावायला हत्यार सापडेना. मी तो फेकायला बाजूला काढला होता.

हत्यारं विकली गेली. उन्हाळ्यात बाबाही गेले. पुढचा दसरा त्यांच्याशिवायच आला.

आता तोच फोटो भिंतीवर आहे. कोपऱ्यात वाकसाचा दांडा, फोकस एकदम कडक! आणि पाटभर बाबांची सावली, हाताची घडी घालून. नव्या सदऱ्याची ताठ कॉलरसुद्धा दिसते. आई रोज काचेवर गंध लावते. सावलीचं कपाळ तिला बरोबर सापडतं. मला अजून त्या सदऱ्याची हळहळ वाटते. एकच तर फोटो मागत होता माणूस, तोही न बोलता.

घरी येणारे विचारतात, "काय बाप्पा, हा फोटो कोन्या शहान्यानं काढला?"

मी म्हणतो, "होता यवतमाळचा एक स्टुडिओवाला. बुडाला त्याचा धंदा."