मशिदीचं वय आणि अधिक श्रावण

२००४चा उन्हाळा. आम्ही पिस्कॅटवेत राहत होतो. पुण्यात पाच वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम केलेली मी, इथे डिपेंडंट व्हिसावर, नोकरीला बंदी! पोळ्या लाटून जीव विटला होता. युनिव्हर्सिटीतल्या प्रोफेसरबाईंनी सांगितलं होतं, समर कोर्समधला तुमचा पेपर बघते, मग एम.ए.च्या ॲडमिशनचं ठरवते. सगळं त्या पेपरवर होतं.

विषय मिळाला बाल्कनमधल्या एका जुन्या शहरातली ऑटोमन मशीद. भूकंपात तिचा घुमट तडकला, युद्धात मिनार पडला, दोन्ही वेळा गावानं ती पुन्हा उभी केली. दारावरच्या शिलालेखात बांधणाऱ्या सुभेदाराचं नाव आणि हिजरी साल. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायची आपली सवय; तसेच मी हिजरीत सहाशे बावीस मिळवले. आणि काय! मशीद बांधायच्या वीस वर्षं आधीच सुभेदार वारलेला. म्हणजे मशीद त्यानंच बांधली असं पुस्तकांत लिहिणारे सगळे चुकले, मी बरोबर. नवऱ्यापुढे इतक्या फुशारक्या मारल्या की विचारू नका.

पेपर वाचायच्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. अधिक श्रावण लागलाय, जावई सातासमुद्रापार, अनारशांचं वाण द्यायचं कुणाला, म्हणून ती हळहळत होती. मी नुसतं हं हं करत होते आणि एकदम लक्षात आलं. अरे देवा, अधिक महिना! आपण तो घालतो म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडाशीच राहते. हिजरीत तो नाहीच, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. त्यांचं वर्षच तेवढं लहान; शेकडो वर्षांत तीसेक वर्षांचा फरक पडणारच. सुभेदार चांगला जिवंत होता, अक्कल माझी गेली होती.

पेपर नव्यानं लिहायला वेळ नव्हता. आजारी आहे म्हणून सांगावं, असंही मनात आलं. पण गेले. वर्गात आधी माझी चूक फळ्यावर लिहिली, मग अधिक महिना समजावला आणि सुभेदाराला त्याची मशीद परत केली.

बाईंनी चष्मा काढला. "हिजरी सालातली ही चूक मी दर वर्षी लाल पेनानं खोडते," त्या म्हणाल्या. "ती का होते, हे इतकं सोपं करून मलाही सांगता आलं नव्हतं. सप्टेंबरपासून या."

पार्किंगमध्ये मी एकटीच हसत सुटले, मग रडले. दोन वर्षं प्रत्येक फॉर्मवर व्यवसायापुढे 'गृहिणी' लिहीत आले होते. ॲडमिशनच्या फॉर्मवर 'आर्किटेक्ट' लिहिलं, चांगलं ठळक, दोनदा गिरवून.