रक्त थांबवणारी मशेरी

पडघ्याजवळच्या गोदामात कामाला लागले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. सकाळी शिफ्टला निघण्याआधी दात घासताना बेसिनमध्ये रक्त दिसायचं. आईला दाखवलं, तर तिने डबी पुढे केली. मशेरी, म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. आमच्या गावातल्या बायांचा दिवस तिच्याशिवाय सुरू होत नाही.

"बोटावं घे नि चोळ. रगत बंद व्हतंय का न्हाय बघ."

खरंच बंद झालं. आई शेजारणींना कौतुकाने सांगत सुटली. मलाही पटलं. दुखत नव्हतं, रक्त नव्हतं, मग तक्रार कसली करायची? सकाळची ती हलकी चक्करही हळूहळू आवडायला लागली.

आईच्या तोंडात खालचा एकही दात नाही. तिशीच्या आतच गेले सगळे. "हिच्या येळच्या बाळंतपणात गेले," असं ती पाहुण्यांना तोंडावर पदर धरून, हसत सांगायची. मला त्यात कधी हसू आलं नाही. लहानपणी तर मी खरंच स्वतःला गुन्हेगार समजायचे.

दोनेक वर्षांनी माझे खालचे पुढचे दात जिभेने हलायला लागले. आईला घेऊन भिवंडीत दातांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रेमध्ये मुळं लांबच लांब दिसत होती, त्यांना धरून ठेवणारं हाड पार खाली गेलेलं.

"रक्त येत होतं तेच बरं होतं," मी मशेरीचं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले. "तंबाखूने रक्त दडवलं, आजार आत चालूच राहिला. पुढचे दोन वाचणार नाहीत. बाकीचे वाचवू, पण मशेरी आजपासून बंद. हा आजार कधीकधी घराण्यात असतो. आई, तुमचे दात कधी गेले?"

आईने सांगितलं. बाळंतपणाने असे सगळे दात जात नाहीत, असं ते म्हणाले.

परतताना रिक्षात आईशेजारी बसले. मला राग आला होता, पण तो तिच्यावर काढावा असं वाटेना.

भिवंडी मागे पडल्यावर ती म्हणाली, "म्हंजे माजे दात तुज्यापायी न्हाय गेले."

"नाही."

"तुजे मातर माज्यापायी चाललेत."

"तसं नाही गं," मी घाईघाईने म्हटलं, "डॉक्टर म्हणाले ना, हे घराण्यातूनच येतं."

तिने पदर तोंडावर धरला. या वेळी ती हसत नव्हती.